दिवसा झोपणाऱ्या बाईची खोली

दुपारचे बारा वाजून छत्तीस मिनिटं. सावलीबाई नव्या घराच्या जोत्यावर उकिडव्या बसल्या होत्या. समोर तीन बांबू डोक्याशी बांधून केलेली तिवई होती आणि तिला मिस्त्रीचा ओळंबा टांगलेला होता. दोरीची सावली जोत्यावर पडली होती. बाईंनी तिच्यावर खडूनं रेघ मारली, शेजारच्या भिंतीला पट्टी लावली आणि मग बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

त्या गावात त्या दिवशी सूर्य बरोबर बारा छत्तीसला माथ्यावरची रेघ ओलांडतो. त्या मिनिटाला ओळंब्याची सावली नेमकी उत्तरेकडे पडते. यात मत चालत नाही, यंत्र लागत नाही. आराखड्याप्रमाणे ती सावली आडभिंतीला समांतर हवी होती. ती कोपऱ्याच्या खोलीकडे झुकली होती. मीटरभर सावलीचं टोक समांतर रेघेपासून चाळीस सेंटिमीटर बाजूला गेलं होतं. म्हणजे बावीस अंश.

"वारा असेल, ताई," मिस्त्री म्हणाला. तो सावलीत बसून डबा उघडत होता.

"ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडलाय. हलतोय का बघा."

मिस्त्री उठून आला. त्यानं ओळंबा पाहिला, रेघ पाहिली, बाईंचं तोंड पाहिलं आणि डबा पुन्हा बंद केला.

"मग भिंत वाकडी?"

"भिंत सरळ आहे. उत्तर वाकडी आहे."

सावलीबाईंचं वय सत्तेचाळीस. त्या आर्किटेक्ट नाहीत. एकोणिसाव्या वर्षी ट्रेसिंग करायला म्हणून त्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात लागल्या आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच आहेत. आधी इतरांच्या रेघा गिरवल्या, मग बाथरूमच्या फरश्यांची मापं काढली, मग कॉम्प्युटर आला तेव्हा ऑफिसात तो पहिल्यांदा त्यांनीच शिकून घेतला. सही ऑफिसच्या मालकांची, आर्किटेक्ट साहेबांची असते. साहेब बासष्ट वर्षांचे आहेत, स्वभावानं भले आहेत आणि गेली काही वर्षं आराखड्यांपेक्षा आपल्या रक्तदाबाकडे जास्त लक्ष देतात.

सावलीचं वेड बाईंना पुस्तकातून लागलेलं नाही. लग्नानंतर त्या चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखालच्या घरात राहायला आल्या. पश्चिमेला मोठी खिडकी. मुलगी चार महिन्यांची असताना तिच्या अंगावर घामोळं उठलं ते पाऊस येईपर्यंत गेलं नाही. बाईंनी भिंतीला थर्मामीटर लावलं आणि वहीत आकडे लिहायला सुरुवात केली. संध्याकाळी सात वाजता बाहेर तेहतीस, आत सदतीस. मग त्यांनी फरशीच्या दुकानातून फुटक्या पांढऱ्या फरश्यांची पोती आणली आणि रविवारी-रविवारी नवऱ्याला कामाला लावून गच्चीवर त्या बसवल्या. नवरा बस डेपोत मेकॅनिक. "लोक बायकोला सिनेमाला नेतात, मला बायको गच्चीवर नेते," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. पुढल्या उन्हाळ्यात सात वाजता आत चौतीस झाले. वही अजून चालू आहे.

तेव्हापासून ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या एकच गोष्ट विचारतात. खोल्या किती हव्यात, गाड्या किती आहेत, हे साहेब विचारतात. बाई विचारतात, "तुमच्या घरात कुठल्या वेळी कोण कुठं असतं ते सांगा. सकाळी सहापासून." लोक आधी हसतात, मग सांगत बसतात. शहराच्या कडेला प्लॉट पडले, लोक स्वतंत्र घरं बांधू लागले आणि जो तो काचेचा दर्शनी भाग मागू लागला, तेव्हा बाई त्यांना शांतपणे विचारायच्या, "त्या काचेमागे दुपारी तीन वाजता कोण बसणार आहे?" सावलीबाई हे नाव मिस्त्री लोकांनी ठेवलं. त्यांनी ते ऐकलं तेव्हा राग आल्याचं दाखवलं, पण ते खोडून काढलं नाही.

हे घर मात्र वेगळं होतं. साहेबांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, "हे तुम्हीच करा, बाई. मी फक्त सही करतो."

घर एका नर्सबाईंचं. त्यांना सगळेच सिस्टर म्हणतात. रात्री आठ ते सकाळी आठ पाळी, आठवड्यातून चार दिवस, चौदा वर्षं. नवरा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा येतो. घरात त्या आणि सासूबाई. भाड्याच्या खोलीत सिस्टर खिडकीला काळं ब्लँकेट खिळ्यांनी ठोकून, ओला टॉवेल पायांवर घेऊन दिवसा झोपतात. बाईंच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर सगळ्यात लहान होतं: "साडेनऊ ते साडेचार मला झोप हवीय. बाकी घर कसंही बांधा."

म्हणून ते घर त्या झोपेभोवती आखलं होतं. झोपण्याची खोली उत्तरेला, मध्यभागी. पश्चिमेला न्हाणीघर आणि सामानाची खोली, म्हणजे तिकडचं ऊन त्यांनी अंगावर घ्यावं. भिंती पायाच्या खड्ड्यातून निघालेल्या मातीच्या, थोडं सिमेंट घालून यंत्रावर दाबलेल्या, न भाजलेल्या विटांच्या. जाडी दीड फूट. स्लॅबमध्ये जुनी कौलं भरायची, म्हणजे सिमेंट कमी लागतं आणि ऊन आत झिरपत नाही. वर गरम हवा जायला झरोके. कागदावर त्या खोलीत कडक उन्हाळ्यातही संध्याकाळी सव्वापाचपर्यंत उन्हाचा कवडसा येत नव्हता. वातानुकूलन यंत्रासाठी भिंतीत भोकसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

आता बावीस अंश. उत्तरेची भिंत खरी वायव्येकडे कललेली. बाईंनी जोत्यावर बसल्याबसल्या मनातल्या मनात हिशेब केला. पावणेतीनला ऊन खिडकीत. म्हणजे सिस्टरची झोप पावणेदोन तास आधी संपणार, आणि तापलेली भिंत रात्री थंड होईल तेव्हा खोली रिकामी.

चूक कशी झाली हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. प्लॉट मोजायला आल्या ते तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. सावलीच नव्हती. मंजुरीसाठी कागद द्यायचे होते. प्लॉटच्या छापील नकाशावर उत्तरेचा बाण होता, पण असले बाण कारकून आधीच्या नकाशावरून उतरवतात आणि ते निम्म्या वेळा चुकीचे असतात, हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं, बाण बावीस अंशांनी चुकलाय असं पाहिलं आणि मोठ्या समाधानानं तो दुरुस्त केला. शेजारच्या प्लॉटवर लोखंडी सळ्यांचा ढीग होता. बाई त्याला टेकून उभ्या होत्या. या वेळी कारकुनाचा बाण बरोबर होता.

"सावलीबाईंना सावलीनंच धरलं की," मिस्त्री म्हणाला. मग आपण फार बोललो असं वाटून त्यानं आवाज खाली आणला. "ताई, एक सांगू? तीनच थर चढलेत. मी खिडकीवरचा छज्जा फूटभर वाढवतो. वर लाकडी पट्ट्या मारतो. कुणाला काय कळतंय?"

"छज्जा वरचं ऊन अडवतो. हे ऊन खालून येणार, तिरकं."

"मग पट्ट्या उभ्या मारू."

"काम थांबवा आजच्या दिवस. पाणी मारत राहा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"घर उभं राहतंय ना?"

"राहतंय."

"गळणार नाही?"

"नाही."

"मग झालं तर. बाई, अहो, लोक त्यांच्या घराचं तोंड कुठंय तेच बघत नाहीत. तुम्ही बावीस अंश घेऊन बसलात. फारच उकडलं तर लावतील एक एसी. सगळं जग लावतंय."

"मग आपण दीड फुटाच्या भिंती कशाला बांधल्या, साहेब?"

साहेब म्हणाले, "त्याच गल्लीतली आणखी दोन घरं तुमच्याकडे येणार आहेत. तो बँकवाला आणि त्याचा मेहुणा. ते हे घर बघून ठरवणार. एवढं ध्यानात ठेवा, आणि मग काय सांगायचं ते सांगा."

ते बाईंच्या ध्यानात होतंच. अठ्ठावीस वर्षांत स्वतःचं म्हणता येईल असं एक घर, आणि त्याच्या पाठोपाठ दोन. त्या टेबलापाशी गेल्या, आराखडा उघडला आणि उत्तरेचा बाण बावीस अंश फिरवला. कॉम्प्युटरला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं नव्या सावल्या मुकाट्यानं काढून दिल्या.

भिंती हलवता येत नव्हत्या, कारण त्या आपापल्या पायावर उभ्या होत्या. खोल्यांची कामं तेवढी बदलता येत होती. संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी चार पर्याय काढले, तीन खोडले. उरला एकच. कोपऱ्याची खोली. तिची एक खिडकी पूर्वेच्या बाजूला होती, छज्ज्यामुळे दहानंतर तिथे ऊन नाही. दुसरी, वायव्येची, बंद करून तिथे आत पोकळी ठेवून दुहेरी भिंत घालायची. मग खोली दिवसभर थंड राहते. अडचण एवढीच होती की ती खोली सासूबाईंची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सिस्टर पाळी संपवून थेट प्लॉटवर आल्या. डोळे लाल, हातात हेल्मेट. मागून चालत सासूबाई आल्या. भाड्याची खोली दोन गल्ल्या सोडून होती आणि काम का थांबलंय हे त्यांना मिस्त्रीकडून आधीच कळलं होतं.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. "सिस्टर, माझी चूक झालीय. उत्तर दिशा मी चुकीची धरली. तुमच्या खोलीत उन्हाळ्यात पावणेतीनला ऊन येणार."

सिस्टर तीन थरांच्या भिंतीवर बसल्या. मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण ओल्या भिंतीवर बसू नका म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

"कशामुळे झाली?"

बाईंनी आभाळापासून सळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे चुकीचं औषध दिलं गेलं की एक फॉर्म असतो. कोणी, किती वाजता, कशामुळे, कळल्यावर काय केलं. फॉर्म भरणाऱ्यावर आम्ही ओरडत नाही. न भरणारा सापडला तर मात्र खैर नाही." त्यांनी जांभई दाबली. "तुम्ही पहिले तीन रकाने भरलेत, ताई. चौथा सांगा. मला झोप येतेय."

बाईंनी आराखडा पसरला आणि कोपऱ्याच्या खोलीवर बोट ठेवलं.

"ती माझी," सासूबाई म्हणाल्या.

"हो, मावशी. तुम्हाला ही मधली मिळेल. तितकीच मोठी."

"आणि ऊन?"

"दुपारी येईल. त्याला उभ्या तिरक्या फळ्या लावू, बरंचसं अडेल. सगळं नाही."

"दुपारच्या उन्हाचं मी काय करू? पापड वाळवू?" सासूबाई वयानं बहात्तर, आवाजानं चाळीस. "मी सकाळी शिवते. सहाला मशीनवर बसते ते नऊपर्यंत. सुई ओवायला मला खिडकीतलं ऊन लागतं, दिव्याखाली दोरा दिसत नाही. दुपारी माझे डोळे मिटतात. आता हिच्यासाठी मी दुपारी शिवू आणि सकाळी झोपू?"

बाईंनी वही काढली. सिस्टरनी दिलेल्या वेळापत्रकात सासूबाईंसमोर एकच ओळ होती: दिवसभर घरी. सकाळचं ऊन आवडतं. ती सिस्टरनी सांगितलेली. सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. होकायंत्र सळ्यांमुळे चुकलं असं म्हणता आलं असतं. या ओळीला तशी सबब नव्हती.

"मावशी, हे मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. तुम्ही कधी कुठं असता ते."

"मग आता विचारा की. कुठं पळून चाललेय मी?"

बाईंनी जोत्यावर मांडी घातली आणि लिहून घेतलं. पाचला उठणं. सहाला मशीन: ब्लाउज, शाळेचे गणवेश, दुरुस्तीची कामं. नऊला सून येते, तिला वाढणं. मग स्वयंपाकघर. दोन ते चार लवंडणं, पण आत नाही, "आत जीव घुसमटतो, दारात सतरंजी टाकते." चारनंतर गिऱ्हाइकं. सिस्टर ऐकत होत्या. एक-दोनदा त्यांनी सासूकडे असं पाहिलं, जसं वॉर्डात एखाद्या जुन्या पेशंटची फाइल पहिल्यांदा वाचावी.

"म्हणजे तुम्ही दुपारी खोलीत नसताच?" बाईंनी विचारलं.

"कशाला असेन? झोपायला दार आहे."

"आणि सिस्टर सकाळी साडेनऊपर्यंत खोलीत नसतात."

सासूबाईंनी आराखडा स्वतःकडे ओढला. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, पण आयुष्यभर कापडावर खडूच्या रेघा मारलेल्या. कुठला तुकडा कुठे जोडायचा ते त्यांना कळत होतं. "पूर्वेची खिडकी ही?"

"ही."

"मग मशीन इथं खिडकीशी राहू दे. हिची गाडी फाटकाशी वाजली की मी उठेन, ही आडवी होईल. पलंग एक, मशीन एक. खोली तिची आणि सकाळ माझी."

"सुटीच्या दिवशी?" सिस्टर म्हणाल्या. "तीन दिवस मी घरी असते, आई. सहाला खडखड सुरू केलीत तर?"

"तीन दिवस तू मधल्या खोलीत झोप. रात्री तिथं ऊन येत नाही, एवढं तरी ताईंनी नीट केलं असेल."

मिस्त्री तोंड फिरवून हसला. सिस्टरही हसल्या, पण हसणं अर्धं जांभईत गेलं. मग त्या बाईंना म्हणाल्या, "आणि आईंचं दुपारचं दार?"

दार आराखड्यात होतं, पडवी नव्हती. पडवीसाठी समोर साडेचार फूट जागा होती आणि त्या बाजूला दुपारी दोननंतर घराचीच सावली पडत होती. बाईंनी तिथेच पेन्सिलीनं रेघ मारली. पडवीचं छप्पर हलकं ठेवायचं, खाली सतरंजीच्या मापाचा कट्टा. सासूबाईंनी कट्ट्याची उंची स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवली. मिस्त्रीनं ती टेपनं मोजली. सोळा इंच.

सगळं सुटलं असं नाही. मधली खोली उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला बाईंच्या हिशेबानं मूळ आराखड्यापेक्षा तीन अंश जास्त गरम राहणार. फळ्या लावूनही राहणार. हे त्यांनी सांगितलं आणि आराखड्यावर लिहिलं.

दुपारी साहेबांनी सुधारित आराखडा पाहिला. तळाशी टिपेत बाईंनी लिहिलं होतं: मूळ आराखड्यात उत्तर दिशा बावीस अंशांनी चुकीची धरली गेली होती, त्यामुळे खोल्यांच्या वापरात बदल.

"हे कशाला?" साहेब म्हणाले. "लिहा, घरमालकांच्या विनंतीवरून बदल. खोटं थोडंच आहे? त्यांनी विनंती केलीच."

"चूक कळल्यावर केली."

"बाई, सही माझी आहे याच्यावर."

"म्हणूनच विचारायला आले. नाहीतर तशीच पाठवली असती."

साहेबांनी कागद दोन तास टेबलावर ठेवला. चहा झाला, एक फोन झाला. फोन त्या बँकवाल्याचा होता. गल्लीत बातम्या वाऱ्याआधी पोचतात. तो म्हणाला, मेहुण्यानं दुसरा माणूस धरलाय, स्वतःचं अजून ठरवलं नाही, घर पुरं झालं की बघू. साहेबांनी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं, बोल लावला नाही. मग पेन उचललं आणि टिपेसकट सही केली. सही करताना एवढंच म्हणाले, "पुढच्या प्लॉटवर मी येतो तुमच्याबरोबर. ऊन असलं तर."

बाईंनी त्या दिवशी आणखी एक काम केलं. सिस्टरच्या फॉर्मसारखा एक कागद तयार केला. दिशा कशी मोजली, किती वाजता, जवळ लोखंड होतं का, आभाळ होतं का, आणि शेवटी: घरातल्या प्रत्येक माणसाला स्वतः विचारलं का, होय किंवा नाही. त्याच्या दहा प्रती काढून त्यांनी पहिली प्रत याच घराच्या फाइलला लावली. पाचव्या प्रश्नापुढे त्यांना आधी "नाही" लिहावं लागलं, आणि मग त्याखाली तारीख घालून "होय".

साडेपाचला मिस्त्रीचा फोन आला. दुहेरी भिंतीसाठी किती विटा वाढतील, ते त्याला हवं होतं. तीनशे चाळीस, बाईंनी सांगितलं. विटा पाडायचं यंत्र अजून प्लॉटवरच आहे आणि माती शिल्लक आहे.

"आणि ताई, त्या मावशी विचारून गेल्या, भिंतीला पाणी कोण मारतं. म्हटलं माणूस आहे. तर म्हणाल्या, त्याला सांग, कोपऱ्यात नीट मार, परवा कोपरा कोरडा होता."

"होता का?"

"होता," मिस्त्री म्हणाला.

उद्या शुक्रवार. भिंतीवर पहिलं पाणी साडेसातला पडेल, मिस्त्रीची माणसं आठला येतील आणि चौथा थर कोपऱ्याच्या खोलीपासून सुरू होईल.